भाडेकरारात एक ओळ हवी: पाणी कुठवर आलं होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण बडोद्याच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांवर पानभर मजकूर दिलात. अपडाउन करणाऱ्यांनी घर कुठे बघावं, विश्वामित्री स्टेशन कुणाला सोयीचं आणि मकरपुरा कुणाला, भाडं किती, दलाली किती, लिफ्ट आहे का, पाणी किती वाजता येतं. त्या शेवटच्या प्रश्नावर मी थांबले. ते नळाचं पाणी होतं. दुसऱ्या, पुराच्या पाण्याबद्दल पानभर मजकुरात अक्षर नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी अंकलेश्वरच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात हिशेब बघते आणि सोळा वर्षं बडोद्याहून अपडाउन करते. आमच्यासारख्यांचं घर कुठे असावं हे मेमू लोकल ठरवते. विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला, पुढे करजण, पालेज, भरूच, नर्मदेचा पूल, अंकलेश्वर. जाताना लेडीज डब्यात झोप काढायची, येताना तुरीच्या शेंगा नाहीतर पापडी सोलायची, म्हणजे घरी पोचल्यावर फोडणीच तेवढी राहते. सकाळची गाडी चुकली की अर्धा दिवस कापला जातो. त्यामुळे स्टेशनपासून ॲक्टिव्हावर दहा मिनिटांत घर हवं, आणि माझ्या पगारात ते भाड्याचंच असणार. दांडिया बाजारात आजोबांचा वाडा होता. 2009 मध्ये तो सात हिश्श्यांत विकला गेला आणि आमच्या वाट्याचं वडिलांच्या आजारपणात संपलं. याचं मला फारसं काही वाटत नाही. भाड्याच्या घरातही माणूस नीट राहतो, तुळस लावतो, गणपती बसवतो.

घर बघायला गेलं की प्रश्न सगळे भाडेकरूला. मराठी छो? नॉनवेज खाव छो? घरमां केटला जण? मिस्टर शुं करे छे? (मिस्टर नाहीत, आई आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, तो इथे लिहीत नाही.) आम्ही सीकेपी. मला खोटं बोलणं जमत नाही आणि आईला सोड्यांशिवाय (सुकवलेल्या कोळंबीशिवाय) जमत नाही, म्हणून दोन चांगली घरं हातची गेली. मी मात्र मालकाला उलट प्रश्न कधी विचारला नव्हता. नळ सोडून बघायचे, फ्लश ओढायचा, टाकी केवढी ते विचारायचं, की झालं घर बघून.

2023 च्या जूनमध्ये वडसर रोडच्या बाजूला एका टेनामेंटचा तळमजला बघितला. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, टेनामेंट म्हणजे ओळीतलं स्वतंत्र घर, खाली एक घर, वर एक, पुढे ओटला आणि झोपाळ्याच्या कड्या. भाडं 9,000, डिपॉझिट 18,000. मालक परदेशात, व्यवहार त्यांचे भाऊ बघायचे, वरच्या मजल्याला कुलूप. आईच्या गुडघ्यांना तळमजलाच हवा होता. भिंतींना नवा आयव्हरी रंग होता, इतका नवा की हात लावला की बोटाला पांढरं लागायचं. मी दलालाला सहज विचारलं, नदी इथून किती लांब? तो हसला. "अहीं पाणी नथी आवतुं, बेन." इथे पाणी येत नाही, ताई.

करार पाच पानी, अकरा महिन्यांचा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मांसमच्छी शिजवायची नाही (सही केली, आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही). पाहुणा पंधरा दिवसांवर ठेवायचा नाही. घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा. हे कलम वाचताना मला त्या नव्या रंगाचा संशय यायला हवा होता.

26 ऑगस्ट 2024, सोमवार, जन्माष्टमीची सुट्टी. पाऊस ओतत होता. अशा वेळी बडोद्यात लोक दोन आकडे बघतात, आजव्याची पातळी आणि काळाघोड्याची पातळी. आजवा म्हणजे सयाजीरावांनी शहराला पाणी प्यायला मिळावं म्हणून बांधलेला तलाव, आणि काळाघोडा म्हणजे कमाटीबागेजवळचा त्यांचाच घोड्यावरचा पुतळा. तिथल्या पुलापाशी विश्वामित्रीची उंची मोजतात. 26 फूट ही धोक्याची खूण. आकडे मोबाइलवर येतच होते आणि आम्ही, काय सांगू, शेअरबाजाराचे आकडे बघावेत तसे बघत होतो. त्या पुरात नदी 35 फुटांच्या वर गेली.

नवखा माणूस फसतो तो पाऊस उघडल्यावर. विश्वामित्री येते पावागडाकडून. वरचं पाणी आणि आजव्याचं पाणी शहरात यायला वेळ लागतो. इथे आभाळ मोकळं होतं, लोक ओटल्यावर येऊन चहा पितात, आणि पाणी चढायला लागतं ते त्यानंतर. आमच्याकडे ते दारातून आलंच नाही. दाराला मी जुन्या चादरी लावून बसले होते. पहिल्यांदा बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे आले, डाळ शिजताना येतात तसे. मग मोरीतून. मग संडासातून. तासाभरात फ्रीज तिरका होऊन तरंगायला लागला. आत अर्धा किलो खवा होता, पंजिरीसाठी आणलेला. मला त्या क्षणी त्या खव्याचीच काळजी वाटली, हे आता लिहितानाही खरं वाटत नाही.

वरच्या मजल्याच्या किल्लीसाठी मालकांच्या भावांना नऊ फोन केले. समोरच्या बेनने आईला खुर्चीसकट उचलवून आपल्या वरच्या खोलीत नेलं. तीन रात्री आम्ही अकरा माणसं तिथे होतो. तिने खिचडी केली, आणि आई मराठी असल्याचं किंवा काय खाते याचं कुणालाही काही पडलं नव्हतं. होडीतून दुधाच्या पिशव्या आल्या. नदीतल्या मगरींचं मात्र विचारू नका. बडोद्याबाहेरचा जो भेटतो तो पूर म्हटला की मगरीवर येतो. मगर मी पाहिली नाही. मी चौथ्या दिवशी आमच्या भिंतीवरची रेघ पाहिली.

सुतारानं सुताने मारावी तशी सरळ रेघ. चारी भिंतींवर एका उंचीवर, दारांवर, कपाटावर, फ्रीजवर, आईच्या देवघराच्या चौकटीवर. वर आयव्हरी, खाली चहाचा चोथा पसरावा तसा रंग. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजली. जमिनीपासून 3 फूट 7 इंच. का मोजली, माहीत नाही. दिवसभर आकडे लिहिणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार.

7 सप्टेंबरला गणपती होते. आई म्हणाली, दीड दिवसाचा का होईना, आणायचाच. स्टुलावर पाट ठेवला आणि मागे तिची जुनी नारायणपेठी लावली, रेघ दिसू नये म्हणून. म्हणजे झाकण्याचं काम आम्हीही केलंच.

त्यानंतर भिंती वाळायला लागल्या आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. एक दिवस गाडीवरून आले तर आई भिंतीपुढे खुर्ची टाकून बसलेली. आयव्हरी रंगाचा ताटाएवढा पोपडा पडला होता आणि आत जुना पिस्त्याच्या रंगाचा थर दिसत होता. त्या थरावर आणखी एक रेघ. पहिलीच्या आठ इंच खाली, 2 फूट 11 इंचांवर, तितकीच सरळ. शेजारच्या काकांना बोलावलं. ते वीस वर्षं तिथे राहतात. त्यांनी चष्माही लावला नाही. "ए तो ओगणीसनी लीटी छे," म्हणाले. 31 जुलै 2019. त्या दिवशी बडोद्यात सुमारे 20 इंच पाऊस पडला होता आणि तेव्हाही नदी शहरात आली होती. मी तेव्हा मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि खिडकीतून पाऊस बघत भजी तळली होती. दलालाला ही रेघ माहीत होती, मालकांच्या भावांना माहीत होती, रंगाऱ्याला माहीत होती. पाच पानी करारात खिळ्याला जागा होती, आईच्या सोड्यांना होती, त्या रेघेला नव्हती.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी खरं तर हे पत्र लिहिते आहे. डिसेंबरात मी ते घर सोडलं. सामान बांधत असताना दलाल नवं जोडपं घेऊन आला. मुलगा मकरपुरा जीआयडीसीत मशीनवर, मुलगी एका दवाखान्यात नर्स, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. भिंतींवर पुट्टी आणि रंगाचा पहिला हात झाला होता, मी राहत असतानाच मालकांच्या भावांनी उरकून घेतला होता. मुलीने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, नदी जवळ आहे ना? आणि दलाल माझ्यासमोर, माझ्या बांधलेल्या खोक्यांसमोर म्हणाला, "अहीं पाणी नथी आवतुं, बेन."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खोक्याला सुतळी बांधत होते. बांधत राहिले. माझे 18,000 अजून मालकांच्या भावांकडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यातले 12,000 मिळाले. 6,000 रंगाचे कापले, कलमाप्रमाणे. म्हणजे माझ्या घरातली रेघ पुसण्याचे पैसे मीच दिले आणि गप्प बसणंही मला फुकट पडलं नाही. महिन्याभराने मी मुद्दाम तिकडे गेले, तर ते जोडपं राहायला आलं होतं, ओटल्यावर बाळाचे कपडे वाळत होते. तेव्हा सांगितलं. मुलगी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी बोलला असतात तर." डिपॉझिट भरून झालं होतं, दलाली गेली होती, टेंपोचं भाडं गेलं होतं. मी तिला मीटरची पेटी उघडून दाखवली. रंगारी पेटीच्या आत ब्रश घालत नाहीत. आत रेघ होती.

तेव्हापासून मी घर बघते ते असं बघते. मीटरची पेटी. स्वयंपाकघराच्या दाराची मागची बाजू. ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड खालून फुगलंय का. दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी खालचीच गंजलीय का. प्लगचे बोर्ड सरसकट छातीच्या उंचीवर नेलेत का, कारण हौसेने कुणी प्लग तिथे नेत नाही. शेजारच्या घराचं कुंपण, कारण मालक आपली भिंत रंगवतो, शेजाऱ्याची नाही. आणि रस्ता. दर डांबरीकरणाला रस्ता बोटभर, दोन बोटं वर येतो आणि घर तिथेच राहतं. दांडिया बाजारातल्या वाड्याला चार पायऱ्यांचं जोतं होतं, लहानपणी आम्ही त्यावरून उड्या मारायचो. या टेनामेंटमध्ये रस्त्यावरून घरात जाताना एक पायरी उतरावी लागत होती. मी दीड वर्ष रोज ती उतरले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गाडीतली माझी एक मैत्रीण भरूचच्या कोर्टात वकिलांकडे काम करते. तिने एकदा करजण ते पालेज एवढ्या वेळात मला समजावलं की हा नियम नवा आणायला नको, आहेच. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 108. घरातला मोठा दोष मालकाला माहीत असेल, भाडेकरूला माहीत नसेल आणि साधारण काळजीने बघूनही त्याला कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. त्याच कलमात पुराचा उल्लेखही आहे: पुराने घर कायमचं राहण्यालायक उरलं नाही, तर भाडेकरू करार रद्द ठरवू शकतो. मी विचारलं, मग मी कोर्टात जाऊ का? ती हसली. 6,000 रुपयांसाठी किती खाडे करशील, म्हणाली. बरोबर आहे तिचं. अपडाउनवाल्या माणसाकडे कोर्टात जायला वार उरत नाही. म्हणून ती ओळ करारातच, सही करायच्या आधी डोळ्यांसमोर असायला हवी.

सध्याचं घर मांजलपूरला, दुसऱ्या मजल्यावर. मालक मराठी, निवृत्त, माणूस सोन्यासारखा. सोड्यांना हरकत नाही, उलट वाटी पाठवा म्हणतात. त्यांना मी म्हटलं, काका, करारात एक ओळ टाकू या, पार्किंगमध्ये 2024 ला पाणी किती आलं होतं. माझी स्कूटर तिथे उभी असते. काकांचा चेहराच पडला. "अहो ताई, असं कागदावर आलं की उद्या विकताना भाव पाडून मागतील. माझ्याकडे हा एकच फ्लॅट आहे." आणि वर म्हणाले, 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद केलीय, आता नाही येणार पाणी. नाही आलं तर मला आनंदच आहे. पण येईल का, हे मी विचारतच नाही, ते काकांना माहीत नाही आणि मलाही नाही. आलं होतं का, एवढंच विचारते आहे, आणि ते त्यांना इंचात माहीत आहे. त्यांची भीतीही मला कळते. एकट्या काकांनी लिहिलं तर एकट्या काकांचा भाव पडेल. सगळ्यांनी लिहिलं तर कुणा एकाचा पडणार नाही. फार तर तळमजल्याचं भाडं हजार रुपयांनी उतरेल, आणि ते उतरायलाच हवं.

तोवर आपण एक करू शकता. आपल्या पानावर चार ओळींची जागा द्या. वाचकांनी आपल्या घरातल्या रेघेची उंची पाठवायची. घरमालकाचं नाव नको, सोसायटीचं नको, घर नंबर नको. रस्ता, मजला, साल आणि जमिनीपासून किती. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, कारेलीबाग, वडसर, जिथे जिथे पाणी शिरलं तिथल्या लोकांच्या वहीत, मोबाइलच्या फोटोत हे आकडे पडून आहेत. पहिला मी देते.

वडसर रोड, टेनामेंट, तळमजला. 2019: 2 फूट 11 इंच. 2024: 3 फूट 7 इंच.

आपली,
एक अपडाउनवाली, मांजलपूर, बडोदा

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. काका आपलाच पेपर घेतात, आणि माझ्याआधी वाचतात.